दोन बोटांची जागा

डिसेंबरातल्या एका गुरुवारी हापिसात रिलीजची गडबड चालू होती आणि मोबाइलवर मामांचं नाव दिसलं. मामा औंढा नागनाथला असतात. त्यांचा एक सहाचाकी ट्रक आहे, २०१४ सालचा. हंगामाप्रमाणे कापूस, सोयाबीन, हळद जे भाडं मिळेल ते घेतात. दुपारच्या वेळी मामा कधी फोन करत नाहीत, म्हणून मीटिंगमधून उठून बाहेर आलो.

"गाडी बसली रे हिंगोली रोडला. ब्रेक जाम झाले, चाक हलंना. कापूस हाय वर."

"हवा कशानं गेली?"

"पाइप वितळलाय. नव्या सायलेन्सरला टेकला."

ज्यांनी ट्रक फक्त ओव्हरटेक करण्यापुरता पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. मागच्या चाकांपाशी दणकट स्प्रिंग असते, ती ब्रेक कायम दाबून धरू बघते आणि टाकीतली हवा तिला मागे रेटून ठेवते. हवा गेली की स्प्रिंग जिंकते आणि गाडी जागच्या जागी थांबते. ज्याने ही युक्ती काढली त्याचे आमच्या घराण्यावर उपकार आहेत. कारण त्या गरम नळीच्या दीड हात वर हौदाच्या फळ्या होत्या आणि फळ्यांवर कापूस. गाडी थांबली म्हणून क्लीनर खाली उतरला, वास आला म्हणून त्याने वाकून पाहिलं आणि पिण्याच्या पाण्याचा कॅन ओतला. गाडी तशीच धावत राहिली असती तर काय झालं असतं, यावर मामा अजून बोलत नाहीत.

शुक्रवारी रात्रीची बस धरून मी औंढ्याला गेलो. मी मेकॅनिकलचा पदवीधर. पोटासाठी सॉफ्टवेअर करतो, पण गाडीखाली शिरायची हौस काही गेलेली नाही. शनिवारी सकाळी गोणपाट अंथरून ट्रकखाली आडवा झालो. जुना सायलेन्सर गंजून फुटला होता, म्हणून मामांनी महिन्याभरापूर्वी बाजारात मिळतो तसला दुसरा बसवून घेतला होता. कंपनीचा नव्हे, लोकल. तो जुन्यापेक्षा चार इंच लांब होता. बसवणारा मिस्त्री तरुण पोरगा, कामाला प्रामाणिक. तो शेजारी उकिडवा बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"साहेब, दोन बोटं जागा सोडली होती की."

आणि खरंच सोडली होती. वितळलेल्या पाइपाची खूण आणि नळी यांच्यामध्ये मी माझी दोन बोटं घालून पाहिली. व्यवस्थित गेली. मग पाइप वितळला कसा?

दोन बोटं पुरेशी का नव्हती, हा इंजिनिअरिंगचा प्रश्न झाला. पण ट्रकच्या पोटाखाली दोन बोटांचाच हिशोब का करावा लागतो, एवढी अडचण तिथे झाली कशी, हा प्रश्न इतिहासाचा आहे. तर मंडळी, थोडं मागे जाऊ.

गोष्ट सुरू होते १८९७ मध्ये. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या खंडांत दोन गोष्टी झाल्या. जर्मनीत आउग्सबर्ग इथे रुडॉल्फ डिझेलचं इंजिन धडपणे चालून दाखवलं गेलं. आणि अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मिल्टन व मार्शल रीव्ह्ज या भावांना इंजिनाच्या धुराचा आवाज कमी करणाऱ्या डब्याचं पेटंट मिळालं. म्हणजे आपला सायलेन्सर. तत्त्व सोपं होतं. अरुंद नळीतून धडधडत आलेला वायू एकदम मोठ्या डब्यात सोडायचा, तिथे तो पसरतो, भिंतींवर आपटतो आणि जरा शांत होऊन बाहेर पडतो. पसरायला जागा द्या, आवाज खाली येतो. सायलेन्सरचा जन्मच मुळी जागा देण्यातून झालेला आहे, हे लक्षात ठेवा.

आमच्या भागात सरकारी मोटार आली ती निजामाच्या राज्यात. औंढा तेव्हा हैदराबाद संस्थानच्या परभणी जिल्ह्यात. (हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला.) निजाम स्टेट रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. त्या काळच्या गाडीचा खालचा भाग म्हणजे रिकामं अंगणच. दोन लांब लोखंडी तुळया, मध्ये इंजिन, मागे जाणारा शाफ्ट आणि एका बाजूने जाणारी धुराची नळी. नळीच्या आसपास जळण्यासारखं फारसं काही नसायचं.

पहिली गर्दी झाली ती युद्धात. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं आणि देशभर बस-लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर चालवाव्या लागल्या. गाडीला भट्टी जोडायची, त्यात कोळसा जाळायचा आणि निघालेला गॅस इंजिनाला पाजायचा. विचार करा, ज्या गाडीच्या नकाशात भट्टी कधी नव्हतीच, तिला भट्टी, गाळणी आणि नळ्या बाहेरून जोडायच्या! मूळ गाडी एकाने बनवायची आणि तिच्यावर भलतीच गरम वस्तू दुसऱ्याने बसवायची, या प्रकाराची आपल्याकडची ही बहुधा पहिली मोठी शिकवणी असावी.

दुसरी गर्दी डिझेलने केली. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो अशा नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. तेव्हाचे बरेच ट्रक पेट्रोलवर चालत. डिझेल स्वस्त पडतं म्हटल्यावर पन्नाशीच्या दशकात पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन चढवण्याची लाट आली. मद्रासची सिम्पसन कंपनी पर्किन्सची डिझेल इंजिनं बनवू लागली होती, ती अशा कामाला चालत. इंजिन बदललं की धुराचं तोंड निघायची जागा बदलते. जागा बदलली की नळी नव्याने वाकवावी लागते. आणि नळी नव्याने वाकवली की ती कुणाला तरी घासतेच. डिझेलच्या लिटरमागे वाचलेल्या पैशांचा हिशोब मालकाने केला, नळीचा हिशोब गावोगावच्या मिस्त्र्यांवर आला.

मग १९५४ आलं. टाटा आणि डाइमलर-बेंझ यांच्या कराराने जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. १९६९ पर्यंत हा करार चालला. तोवर टेल्कोने पुण्यातही बस्तान बसवलं होतं. या ट्रकांनी देशाचा माल वाहिला हे सगळे सांगतात, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ट्रक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पूर्ण विकला जात नव्हता. कारखान्यातून निघायची ती चेसी: इंजिन, चाकं, तुळया आणि पुढचा पत्रा. ड्रायव्हर फळकुटावर बसून, डोक्याला फडकं बांधून ती शेकडो मैल चालवत आणायचा. मग गावच्या किंवा जिल्ह्याच्या बॉडीवाल्याकडे तिच्यावर केबिन आणि हौदा चढायचा.

म्हणजे एकाच गाडीचे बाप दोन. कारखान्यातल्या इंजिनिअरने नळीभोवती मोकळी जागा ठेवली, ती कागदावर. बॉडीवाल्याला तो कागद कधी दिसला नाही. त्याला दिसली नुसती रिकामी जागा. रिकामी जागा दिसली की आपल्याकडे काय होतं हे शहरात फ्लॅट घेतलेल्यांना सांगायला नको. तिथे हत्यारांची पेटी आली, स्टेपनीचा सांगाडा आला, पाण्याची टाकी आली, स्टोव्ह ठेवायचा कप्पा आला. जादा माल भरायचा म्हणून मालकाने पाट्यांमध्ये आणखी एक पाटा घातला. प्रत्येकाने आपापल्यापुरती 'दोन बोटं' सोडली. कुणाचंही चुकलं नाही आणि जागा मात्र संपली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज करतो. कुणीतरी जुन्या कोडमध्ये एक फट का सोडली आहे ते कळत नाही, म्हणून आम्ही ती भरतो. असो.

कायदा या जागेकडे तसा उशिरा वळला. १ जुलै १९८९ पासून नवा मोटार वाहन कायदा आणि त्याखालचे केंद्रीय नियम लागू झाले. या नियमांत आपल्या विषयावर चारपाच कलमं सापडतात आणि ती चक्क वाचनीय आहेत. नियम ११२ सांगतो की धूर खाली सोडायचा नाही आणि डावीकडेही नाही. मागे किंवा उजवीकडे सोडायचा. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणजे माणसं, सायकली आणि चहाच्या टपऱ्या डावीकडे असतात. नियम ११३ म्हणतो की इंधनाच्या नळीपासून धुराची नळी ३५ मिलिमीटरच्या आत नको. नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो आणि त्यात त्या पसरायच्या डब्याचा उल्लेखही आहे, रीव्ह्ज बंधूंना आनंद व्हावा असा. पेट्रोल-डिझेल वाहणाऱ्या टँकरचा सायलेन्सर टाकीच्या मागे न नेता पुढेच संपवायचा, हाही नियम आहे. पुढच्या वेळी टँकरच्या मागे अडकलात तर बघा, मागे धुराची नळी दिसणार नाही.

३५ मिलिमीटर म्हणजे किती? मी माझी दोन बोटं मोजली, जवळपास तेवढीच भरतात. म्हणजे मिस्त्र्याची दोन बोटं हवेतून आलेली नव्हती, ती जवळजवळ कायद्याइतकीच होती. फक्त कायदा इंधनाच्या नळीबद्दल बोलतो, ब्रेकच्या हवेच्या पाइपाबद्दल नाही.

त्यानंतरची गर्दी धुराच्या निकषांनी आणली. डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा १९९२ मध्ये आली. मग देशभरासाठी २००० मध्ये भारत स्टेजची पहिली पायरी, २००५ मध्ये दुसरी, २०१० मध्ये तिसरी, २०१७ मध्ये चौथी आणि पाचवी गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट सहावी. पायरीगणिक इंजिन स्वच्छ होत गेलं आणि तुळयांमधली जागा भरत गेली. आधी टर्बो आला. मग धुरात युरियाचं पाणी फवारणारी यंत्रणा आणि तिची टाकी. सहाव्या पायरीत काजळी पकडणारी गाळणी आणि पाठोपाठ सेन्सरच्या वायरी. ती काजळी जाळायला गाळणीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. म्हणजे २०२० नंतरच्या ट्रकखाली जागा सर्वात कमी आणि उष्णता सर्वात जास्त. तिथला सायलेन्सर हा नुसता डबा राहिलेला नाही. तो बाजारातून आणून वेल्डिंगने चिकटवायचा विचारसुद्धा करू नका.

मामांचा ट्रक तिसऱ्या पायरीचा. टर्बो, नळी, डबा, शेपटी. एवढंच. म्हणून तर मला ट्रकखाली शिरायचं धाडस झालं :-)

आता वितळण्याचं कोडं. लोखंड तापलं की वाढतं हे आपण शाळेत शिकलो. किती वाढतं? साध्या पोलादाची ३ मीटर नळी ४०० अंशांनी तापली तर सुमारे १४ मिलिमीटर लांब होते. कारखान्याला हे माहीत असतं, म्हणून मूळ गाडीत नळीच्या वाटेवर एक जाळीदार लवचिक तुकडा असतो आणि डबा रबराच्या पट्ट्यांवर टांगलेला असतो. नळी वाढली की लवचिक तुकडा दबतो, डबा किंचित मागे सरकतो. कुणाला त्रास नाही.

नवा डबा चार इंच लांब होता. तो मावेना, म्हणून मिस्त्र्याने लवचिक तुकडाच काढून टाकला. तेवढीच चार इंच जागा मिळाली. आणि डबा लोंबकळू नये म्हणून रबराऐवजी लोखंडी पट्टी थेट चेसीला वेल्ड केली. "पक्कं काम केलं साहेब," असं तो म्हणाला आणि त्यात खोटं काही नव्हतं. गोची पक्केपणातच होती. पुढचं टोक इंजिनाला, मागचं चेसीला. नळी वाढणार कुठे? ती मध्येच फुगली.

फुगवटा किती येईल हे मी मामांच्या ओसरीवर बसून कागदावर काढलं आणि आकडा बघून पुन्हा काढलं. ३ मीटरच्या सरळ नळीची दोन्ही टोकं जखडली आणि तिची फक्त २ मिलिमीटर वाढ कोंडली, तर मधोमध ती सुमारे ४७ मिलिमीटर बाजूला जाते. वाढ दोन, फुगवटा सत्तेचाळीस! खऱ्या नळीला वळणं असतात, पट्ट्या थोड्या वाकतात, म्हणून हे गणित ढोबळच. पण दिशा कळायला तेवढं पुरे. दोन बोटं तिथेच खलास. त्यात कापसाने भरलेली गाडी पाट्यांवर खाली बसलेली आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांनी चेसीला पीळ पडलेला. मिस्त्र्याने दोन बोटं मोजली ती थंड, रिकाम्या, उभ्या गाडीत. पाइप वितळला तो गरम, भरलेल्या, धावत्या गाडीत. दोघांमधलं अंतर मोजायला बोटं कामाची नव्हती.

मग शनिवार-रविवार आम्ही तिघांनी मिळून ते काम उलगडलं. वेल्ड केलेली पट्टी कापली आणि रबराची टांगणी परत आणली. लवचिक तुकडा नवा आणून त्याच्या जागी बसवला. डबा तेवढाच मागे सरकवला आणि शेपटीची नळी कापून आखूड केली, तोंड उजवीकडे ठेवून. हवेचा पाइप नवा टाकला, पण जुन्या वाटेने नाही. चेसीच्या तुळईच्या पलीकडच्या अंगाने नेला, म्हणजे दोघांमध्ये लोखंडाची भिंत आली. जिथे हौद्याची आडवी फळी नळीच्या वर येते तिथे पत्रा लावला. तो नळीलाही चिकटवायचा नाही आणि फळीलाही नाही, दोन्हीकडे हवा खेळली पाहिजे. सगळं आधी नुसते टाके मारून धरलं, पक्कं वेल्डिंग शेवटी.

आता खरी परीक्षा. भरल्या गाडीत जागा किती उरते हे बघायचं कसं? धावत्या ट्रकखाली डोकं घालता येत नाही. यावर कॉलेजातली एक युक्ती आठवली आणि मी मामींकडे कणीक मागितली. मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की पुण्यात मुलाचं काहीतरी बिघडलंय. कणकेचे लिंबाएवढे गोळे नळी आणि शेजारच्या वस्तूंमध्ये पाच ठिकाणी चिकटवले. इंजिन थंड असतानाच, वर सोयाबीनची पोती भरून, मामांनी गाडी गल्लीतल्या गतिरोधकावरून हळूच नेली आणि परत आणली. मग एकेक गोळा काढून त्याची जाडी पट्टीने मोजली. चार ठिकाणी भरपूर होती. पाचव्या ठिकाणी, स्टेपनीच्या सांगाड्यापाशी, गोळ्याची पोळी झाली होती. मिस्त्री ती पोळी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. सांगाडा त्याने स्वतःहून सोडवला आणि एक भोक मागे बसवला.

रविवारी पहाटे निघण्याआधी नागनाथाचं दर्शन घेऊन आलो. खालचं देऊळ यादवांच्या काळचं, हेमाडपंती, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं. वरचा भाग अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला. नामदेवांच्या कीर्तनासाठी हेच देऊळ फिरलं अशी कथा आहे. लहानपणापासून मी त्या दगडांच्या सांध्यात नख घालून बघतो आणि नख जात नाही. फट न ठेवणं म्हणजेच कारागिरी, असं माझ्या डोक्यात तिथेच बसलं असणार. मिस्त्रीसुद्धा औंढ्याचाच. त्याच्याही डोक्यात 'पक्कं काम' म्हणजे हलणार नाही असं काम. दगडासाठी ते बरोबर आहे, कारण दगडाला ४०० अंश सोसायचे नाहीत.

आणि गंमत बघा. याच तालुक्यात दुधाळ्यापाशी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा ठरली आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिचे दोन हात प्रत्येकी ४ किलोमीटरच्या नळीचे. अशी ४ किलोमीटरची स्टेनलेस नळी नुसती १० अंशांनी तापली तरी ६८ सेंटीमीटरच्या आसपास वाढते. म्हणून अमेरिकेतल्या लायगोच्या नळ्यांमध्येही दबणारे, पसरणारे लवचिक सांधे ठेवलेले आहेत. विश्वाच्या दुसऱ्या टोकावरचे धक्के मोजायला निघालेल्या माणसांना मामांच्या ट्रकमधला तोच काढून टाकलेला तुकडा लागतो. हे मिस्त्र्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

तुम्ही ट्रक चालवत नसाल. पण बाइकला, जीपला बाहेरचा सायलेन्सर बसवायचा मोह तुमच्यापैकी अनेकांना होतो. आवाज वाढवणारा बसवलात तर पोलीस आहेतच, आणि कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. त्याबद्दल मी वेगळं प्रवचन देत नाही. पण गंजला म्हणून बदलावाच लागला, तर बसवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. तापल्यावर ही नळी कुठे सरकणार? गाडी भरल्यावर जागा किती उरणार? आणि जुन्यातला कुठला तुकडा तू काढून ठेवलास? तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. काढलेला तुकडा मागून घ्या आणि तो तिथे का होता हे कळेपर्यंत गाडी हलवू नका.

निघताना मिस्त्र्याने विचारलं, "मग साहेब, जागा किती सोडायची? एक आकडा सांगून ठेवा."

मी म्हटलं, "दोन बोटंच. पण गाडी भरून, तापवून, हलवून झाल्यावर दोन बोटं उरली पाहिजेत."

त्याने मान डोलावली. मामांचा ट्रक तेव्हापासून कापसाच्या बऱ्याच खेपा करून आलाय आणि पाइप शाबूत आहे. मामींच्या मते मात्र गाडी दुरुस्त झाली ती नागनाथाच्या कृपेने, आणि त्यांच्या कणकेचा हिशोब अजून बाकी आहे.